ऑनलाइन दुकानात ग्राहकाची नोंदणी : काय विचारावं, कधी विचारावं आणि किती दिवस ठेवावं

ऑनलाइन दुकान काढणारे बरेच जण नोंदणीचा फॉर्म स्वतः ठरवतच नाहीत, तो थीमसोबत, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यासोबत, आयता येतो. नाव, आडनाव, जन्मतारीख, लिंग, ईमेल, मोबाइल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. त्यातलं काही काढणं तर राहिलंच, ‘असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून आणखी दोन रकाने वाढतात. मग गिऱ्हाईक कार्ट भरून फॉर्मपाशी येतं आणि तिथूनच माघारी फिरतं. जे थांबतात ते १ जानेवारी ही जन्मतारीख टाकून मोकळे होतात, आणि दुकानदार तीच माहिती वर्षानुवर्षं जपून ठेवतो.

बोलण्यासाठी एक कल्पित दुकान धरू : सावंतवाडीहून लाकडी खेळणी विकणारं, स्वतःची वेबसाइट असलेलं, जीएसटी नोंदणी झालेलं. पार्सलं पुण्या-मुंबईला जातात, गोव्यात जातात, कधी बंगळूरला. फॉर्मबद्दलचे जवळपास सगळे पेच या एका दुकानात भेटतात.

आधी कागद घ्या आणि फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यासमोर लिहा : ही माहिती ऑर्डरच्या कोणत्या पायरीला लागते आणि ती कोण वापरतं? नाव, पत्ता, पिनकोड कुरिअरला लागतात. मोबाइल डिलिव्हरीवाल्याला. ईमेल बिल पाठवायला, तोही ऐच्छिक ठेवता येतो. राज्य जीएसटीसाठी. यादी इथे संपते. ज्या रकान्यासमोर काही लिहिता आलं नाही, तो काढा.

खातं आधी की ऑर्डर आधी?

ऑर्डर आधी. खेळणं विकायला खातं लागत नाही, पत्ता लागतो. ‘खातं उघडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ ही अट घालण्याआधी केंद्राची ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचावीत. त्यांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. सक्तीची कृती हा त्यांतलाच एक. जी वस्तू घ्यायची ती घेण्यासाठी असंबंधित सेवेची नोंदणी करायला किंवा वैयक्तिक माहिती द्यायला भाग पाडणं त्यात बसतं. खरेदीला गरज नसताना आधार किंवा क्रेडिट कार्डाशी जोडलेली माहिती मागणं हे तिथलंच उदाहरण आहे.

चांगला क्रम असा : पहिल्यांदा फक्त पिनकोड. त्यावरून तिथे कुरिअर जातं का, किती दिवस लागतील, कॅश ऑन डिलिव्हरी मिळेल का, हे सांगता येतं, आणि पार्सल जातच नसेल तर माणसाचा नंबर-पत्ता घेण्याचं कारणच उरत नाही. मग मोबाइल, मग नाव-पत्ता, मग पैसे. ऑर्डर पक्की झाल्यावर त्याच पानावर विचारा : ‘पुढच्या वेळी पत्ता पुन्हा भरायला नको असेल तर खातं ठेवायचं का?’ हो म्हटलं तर लागणारी माहिती आधीच आलेली असते, नवीन काही भरावं लागत नाही.

वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर दुकान असेल तर सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स अँड प्रायव्हसी’ या टॅबमध्ये खात्याविना ऑर्डर देण्याची मुभा चालू-बंद करता येते. या टॅबशी पुढे पुन्हा काम पडणार आहे.

मोबाइल आणि ओटीपी

मोबाइलचा रकाना साधा दिसतो, पण सर्वाधिक बिघाड इथेच होतात. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. लोक मात्र तो आधी ० लावून, ९१ लावून, मध्ये जागा सोडून किंवा मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत लिहितात. यातलं काहीही ‘चुकीचा नंबर’ म्हणून परत पाठवू नका. जागा आणि चिन्हं काढा, देवनागरी आकडे रोमन करा, शेवटचे दहा आकडे तपासा आणि सगळे नंबर देशाच्या कोडसकट एकाच साच्यात साठवा. हे केलं नाही तर एकाच बाईंची तीन खाती होतात आणि त्या ‘माझी मागची ऑर्डर दिसत नाही’ म्हणून फोन करतात. नंबर आणि पिनकोड दोन्ही डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवायचे, संख्या म्हणून नाही.

ओटीपी पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी, लागते. मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर दुकानाची नोंद, मग सहा अक्षरी हेडर, म्हणजे संदेशावर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मग मजकुराचा साचा म्हणजे टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचा. मंजूर मजकुरात आणि प्रत्यक्ष पाठवलेल्या मजकुरात एका पूर्णविरामाचा फरक पडला तरी संदेश वाटेतच अडतो. वेबसाइट ‘ओटीपी पाठवला’ म्हणत राहते आणि गिऱ्हाईक फोनकडे बघत बसतं. वेबसाइटवर कुणी हौसेने संदेशाची भाषा सुधारली की दुसऱ्या दिवशी ऑर्डरी का थंडावल्या, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

मराठीत एसएमएस पाठवायचा असेल तर त्याचा हिशोब वेगळा. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात : ‘नोंदणी’ दिसायला तीन अक्षरं, मोजताना सहा. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणून ‘सावंतवाडी खेळणी : ओटीपी’ आणि आकडे, एवढंच पुरे. स्वागत, धन्यवाद, दुकानाचं ब्रीदवाक्य यांना तिथे जागा नाही. टेम्प्लेट नोंदवताना तो युनिकोड प्रकारचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिपीतला, आहे असं सांगायला विसरू नका.

सहा आकडी ओटीपीच्या दहा लाख शक्यता असतात. किती वेळा चुकलं तरी चालेल अशी सोय ठेवली तर संगणक त्या सगळ्या करून बघतो. पाच चुकांनंतर ओटीपी रद्द करा, पाच मिनिटांनी तो आपोआप बाद होऊ द्या, ‘पुन्हा पाठवा’ हे बटण ३० सेकंदांनी उघडा आणि एका नंबरला दहा मिनिटांत तीनच ओटीपी द्या. मर्यादा नसेल तर कुणीतरी तुमचाच फॉर्म वापरून तिऱ्हाइताच्या फोनवर ओटीपींचा मारा करतो आणि एसएमएसचं बिल तुम्ही भरता. मात्र आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, फार कडक मर्यादा लावू नका. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर शेकडो लोक एकाच आयपीमागे असतात, त्यामुळे एका उपद्व्यापी माणसापायी प्रामाणिक गिऱ्हाइकं अडकतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमच्याकडे लॉगिन फक्त ओटीपीवर असेल तर नवा नंबरधारक सहज आत येतो आणि त्याला जुन्या माणसाचं नाव, घरचा पत्ता, मागवलेल्या वस्तू सगळं दिसतं. म्हणून खात्यात वर्षभर हालचाल नसेल तर ओटीपीनंतरही जुने पत्ते दाखवू नका. ईमेलने किंवा मागच्या ऑर्डरच्या क्रमांकाने खात्री करा, तोवर कोरा फॉर्म द्या.

ओटीपीवर लॉगिन असताना पासवर्ड वेगळा मागू नका. ठेवायचाच असेल तर किमान आठ अक्षरं एवढीच अट पुरे, एक कॅपिटल, एक चिन्ह, एक आकडा ही कसरत नको. साठवताना बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ने हॅश करून, म्हणजे मूळ रूपात परत आणता येणार नाही असा बदलून, साठवा. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर जी वेबसाइट जुना पासवर्डच ईमेल करते, तिच्याकडे तो उलगडता येईल अशा रूपात पडलेला आहे. अशा बनावटीचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

नाव, पत्ता आणि मु. पो. ता. जि.

नावासाठी एकच रकाना ठेवा : ‘पार्सलवर छापायचं पूर्ण नाव’. नाव आणि आडनाव वेगळे आणि दोन्ही सक्तीचे केले की एकच नाव लावणारी माणसं दुसऱ्या रकान्यात टिंब देतात आणि ते टिंब लेबलावर छापून येतं. ‘फक्त ए ते झेड’ अशी अट घातली तर देवनागरीत लिहिणारे अडतातच, शिवाय रोमनमध्ये वरचा स्वल्पविराम लावून आडनाव लिहिणारे डि’सोझाही अडतात. गोव्याला लागून असलेल्या दुकानाला ते परवडायचं नाही. त्या चिन्हाने डेटाबेस कोलमडत असेल तर दोष प्रोग्रामात आहे : फॉर्ममधला मजकूर थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, चिकटवला जातोय, आणि तीच वाट हल्लेखोरही वापरतो.

पत्त्यासाठी ‘ॲड्रेस लाइन १’ आणि ‘ॲड्रेस लाइन २’ हे परदेशी साचे आपल्याकडे कामाचे नाहीत. घर किंवा फ्लॅट आणि इमारत, रस्ता किंवा वाडी, गाव किंवा शहर, जवळची खूण, पिनकोड अशी नावं द्या, लोक न अडखळता भरतात. खुणेचा रकाना वेगळा हवाच. कुरिअरच्या पॅनेलवर पत्त्याच्या ओळीला अक्षरांची मर्यादा असते, जास्तीचा मजकूर शेवटून कापला जातो, आणि आपण पत्त्याच्या शेवटी काय लिहितो? ‘मारुती मंदिरामागे’. डिलिव्हरीवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला. सहा आकडे, पहिला कधीच शून्य नाही. पण पिन गावाचा नसतो, पोस्टाचा असतो, आणि ग्रामीण भागात एकाच पिनखाली कितीतरी गावं येतात. म्हणून पिनवरून जिल्हा आणि राज्य आपोआप भरायला हरकत नाही, पण गाव भरू नका. काही प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायची तयार सॉफ्टवेअरं, त्या पिनच्या यादीतलं पहिलं नाव टाकून मोकळे होतात, गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही आणि पार्सल शेजारच्या गावात फिरून परत येतं. धंद्याच्या भाषेत आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टु ओरिजिन’. जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं दुकानाच्या अंगावर. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत हे सांगायला नकोच, तालुका विचारलेला बरा.

जिल्ह्यांची यादी कधी आणली तेही बघा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं आली तरी जुन्या प्लगइनमध्ये जुनीच नावं असू शकतात आणि कुरिअरच्या यादीत तिसरंच काहीतरी. गिऱ्हाइकाला नवं नाव दाखवा, कुरिअरला त्याच्या यादीतलं पाठवा, आणि जोड पिनकोडवर लावा.

पत्ता देवनागरीत घ्यायचा असेल तर आधी एक खोटी ऑर्डर टाकून लेबल छापून बघा. काही लेबल सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. डेटाबेस जुन्या लॅटिन साच्याचा असेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि मूळ मजकूर नंतर परत मिळत नाही. यादी सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, काढून थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांचा चिवडा होऊ शकतो, आणि बारा आकडी मोबाइल नंबर ‘९.१९ई+११’ असे दिसू लागतात. फाइल डबल क्लिकने न उघडता एक्सेलच्या डेटा मेनूतून, युटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धती निवडून आणि नंबरचा स्तंभ मजकूर ठेवून आत घ्या.

गोव्याचं पार्सल

महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात. म्हणून कुणी प्रोग्रामात ‘पहिले दोन आकडे ४० म्हणजे महाराष्ट्र’ असं लिहितं. पण ४०३ म्हणजे गोवा. म्हापशाचा पिन ४०३५०७ आहे. सावंतवाडीच्या दुकानाने म्हापशाला खेळणं पाठवलं तर ती दोन राज्यांमधली विक्री, तिथे आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो. पुण्याला पाठवलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा. राज्य चुकलं की कर चुकीच्या खात्यात जातो, आणि तो तसाच वळता करता येत नाही : योग्य खात्यात पुन्हा भरायचा आणि आधीचा परतावा मागायचा.

भेटवस्तूंचा गोंधळ तर आणखी. मावशी पुण्यात, भाचा गोव्यातल्या फोंड्यात. बिल मावशीच्या नावे, पार्सल भाच्याकडे. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाला विकलेल्या मालासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून बिलावर नोंदवलेल्या पत्त्यावरून पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे कर कोणत्या राज्याचा ते, ठरतं, आणि जून २०२४ च्या परिपत्रकाने सांगितलं की बिलाचा आणि डिलिव्हरीचा पत्ता वेगळा असेल तर डिलिव्हरीचा धरायचा. म्हणजे इथे गोवा. वूकॉमर्समध्ये कर कोणत्या पत्त्यावरून मोजायचा याची निवड असते, ती शिपिंग पत्त्यावर ठेवा. फोंड्यातल्या भाच्याच्या घरचा नंबर मात्र पार्सल पोहोचवण्यापुरताच. त्या घरच्यांनी तुमच्याशी कसलाही व्यवहार केलेला नाही, तेव्हा त्यांना दिवाळीच्या ऑफरचे संदेश पाठवायला तो वापरू नका.

संमतीची चौकट

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानदारावरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. हा काळ फॉर्म सुधारायला पुरेसा आहे.

कायद्याला हवी असलेली संमती ही मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली. आधीच टिकमार्क केलेली चौकट म्हणजे संमती नाही. शिवाय संमती त्या कामाला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. कायद्यातच उदाहरण आहे : डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांच्या यादीचीही संमती घेतली, तरी ती संमती सल्ल्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची, कारण त्या कामाला नंबरांची यादी लागत नाही. ऑर्डर पोहोचवणं एक काम, ऑफर पाठवणं दुसरं. एकाच चौकटीत ‘अटी मान्य आणि जाहिरातीही चालतील’ असं कोंबू नका. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं, त्यासाठी पत्र लिहायला लावणं चालणार नाही. आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे, त्यात मराठी आलीच. वकिली मजकुराची दहा पानं जोडण्यापेक्षा फॉर्मजवळ चार ओळी लिहा : ‘नाव, पत्ता आणि मोबाइल पार्सल पोहोचवण्यासाठी घेतो. ते कुरिअर कंपनीला देतो. बिलाची नोंद कायद्याने ठेवावी लागते. ऑफर हव्या असतील तरच इथे टिचकी मारा.’ तक्रार कुठे करायची तेही तिथेच सांगा.

खेळण्यांच्या दुकानाला एक मोह हमखास होतो : ‘बाळाचं नाव आणि वाढदिवस सांगा, सवलत मिळवा.’ कायद्याने १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. या कर्तव्यात चुकल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. एका कूपनपायी एवढं ओझं कशाला? ‘हे खेळणं किती वयासाठी हवंय?’ असं विचारा, ऑर्डरसोबत साठवू नका, काम भागतं.

काय अजिबात ठेवायचं नाही

कार्डाचा नंबर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवता येत नाही. हिशोब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव चालतं. सीव्हीव्ही तर कधीच नाही. पैसे पेमेंट गेटवेच्या पानावर किंवा यूपीआयने घ्या. ‘कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा’ असं म्हणणाऱ्या मदतनिसाला त्याच दिवशी थांबवा.

गिऱ्हाइकांची एक्सेल यादी सहा जणांच्या फोनमध्ये असते, ही छोट्या दुकानांची खरी दुखरी जागा. पॅकिंग करणाऱ्याला त्या दिवसाची लेबलं पुरतात, सगळी यादी लागत नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करा. कुरिअर, एसएमएसवाला, होस्टिंग यांच्याकडून माहिती फुटली तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, म्हणून त्यांच्याशी करार लेखी हवा.

पुसायचं कधी

‘माझं खातं काढून टाका’ असं कुणी सांगितलं तर सगळं पुसून चालत नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि नव्या नियमांनुसार डेटा व त्याच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या आहेत. लॉगिन, साठवलेले पत्ते आणि जाहिरातींची यादी लगेच वापरातून काढा, बिलं हिशोबाच्या कप्प्यात ठेवा, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. दोन कोटी किंवा त्याहून जास्त नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना तीन वर्षं निष्क्रिय राहिलेल्या ग्राहकाची माहिती ४८ तास आधी कळवून पुसावी लागेल. सावंतवाडीच्या दुकानाला तो आकडा लागू नाही, पण काम संपल्यावर माहिती पुसायची हे तत्त्व त्यालाही आहे. वूकॉमर्सच्या त्याच टॅबमध्ये निष्क्रिय खाती आणि अर्धवट, फसलेल्या, रद्द व पूर्ण झालेल्या ऑर्डरी किती काळाने साफ करायच्या याचे रकाने असतात. ते कोरे सोडले की माहिती कायमची राहते. पूर्ण झालेल्या ऑर्डरींचा रकाना जीएसटीची मुदत धरूनच भरा.

माहिती फुटली असं कळलं तर घड्याळ लगेच सुरू होतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सहा तासांत त्यांना कळवायचं, सर्व्हरचे लॉग मागचे १८० दिवसांचे हाताशी हवेत. नव्या कायद्याच्या तरतुदी लागू झाल्यावर डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब पहिली खबर आणि ७२ तासांत तपशील द्यावा लागेल, ग्राहकांनाही सांगावं लागेल. सुरक्षेची वाजवी व्यवस्था नसल्याबद्दल दंडाची मर्यादा २५० कोटी, न कळवल्याबद्दल २०० कोटी. सहा तासांत कुणाला फोन करायचा, होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे, ग्राहकांना जाणारा संदेश कोणत्या मंजूर टेम्प्लेटमधून जाईल, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. टेम्प्लेट मंजूर व्हायला लागणारा वेळ त्या दिवशी तुमच्याकडे नसतो.